अपडेटनंतरचा रविवार

नंदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी लॅपटॉपसमोर बसलो होतो आणि माझं वायफाय गेलेलं होतं. आदल्या दिवशीच त्याला तसं कळवलं होतं. मोबाइलवर त्याचं नाव उमटलं, म्हणून मी शिव्यांची तयारी करूनच फोन उचलला. पलीकडून त्याच्या चाळीतला शेजारी बोलत होता. "नंदूकाका गेले हो... सकाळी उठलेच नाहीत." मला वाटलं, हा नंदूच आवाज बदलून बोलतोय. म्हणालो, "सोंगं पुरे झाली. वायफाय गेलंय, जेवायच्या आधी ये." शेजाऱ्यानं तेच वाक्य पुन्हा, सावकाश सांगितलं... जिवलग मित्राच्या मृत्यूच्या बातमीला मी दिलेलं उत्तर हे असं आहे. त्याला कळलं असतं तर पोट धरून हसला असता.

नंदू पेडणेकर माझा शाळेपासूनचा मित्र. एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये त्यानं नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि आई गेल्यापासून लालबागच्या खोलीत एकटाच राहायचा. त्याचा एक विचित्र बाणा होता. कामाशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. गणपतीत आमच्याकडे परळला यायचा तो दर्शनाला नव्हे, दिव्यांची माळ का पेटत नाही ते बघायला. माळ पेटत असेल तर दारातूनच प्रसाद घेऊन पसार. माझ्या लग्नात तो मंडपामागे माइकच्या वायरी धरून बसला होता, त्यामुळे एकाही फोटोत नाही. जेवायला ये म्हटलं की विचारायचा, "का रे? काय बिघडलंय?"

आणि मग माझा लॅपटॉप बिघडला. मेहुण्यानं परदेशातून आणलेला, चंदेरी, दिसायला राजपुत्र. मी हौशी नाटकं लिहितो, ती त्याच्यावर लिहिली की आपोआप चांगली होतील अशी माझी समजूत होती. काही वर्षांनी कंपनीनं कळवलं की या मॉडेलला यापुढे नवीन काही मिळणार नाही. एकेक वेबसाइट उघडेनाशी झाली. दुरुस्तीवाला म्हणाला, भंगारात द्या. नंदूनं मात्र लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "मशीन मेलेलं नाही रे. कंपनीनं मेलं म्हणून जाहीर केलंय. आपण याच्यावर लिनक्स टाकू." म्हणजे कंपनीनं स्वतःच्या सिस्टीमसाठी बनवलेल्या यंत्रात भलतीच सिस्टीम घुसवायची. भाडेकरूनं घरमालकालाच बाहेर काढावं तसा हा प्रकार, आणि तो नंदूनं विलक्षण आनंदानं केला. पेनड्राइव्ह लावला, सुरू होताना एक बटण दाबून धरलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "नाटकं बाहेर काढून ठेवलीस ना? नसतील काढली तरी चालेल म्हणा, रंगभूमीवर उपकार होतील." जुनी सिस्टीम पुसली गेली. नवी आली. आवाज आला, मराठी कीबोर्ड बसला, अक्षरं माझ्या चष्म्याला झेपतील एवढी मोठी झाली. फक्त वायफाय दिसेना.

"या कंपनीची वायफायची चिप हट्टी आहे," नंदू म्हणाला. "तिला चालवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, वेगळा बनवून घालावा लागतो." त्यानं माझा मोबाइल केबलनं लॅपटॉपला जोडला, त्याच्यावरून नेट घेतलं, काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळी धावू लागल्या आणि कोपऱ्यात वायफायच्या खुणेचा पंखा उमलला. "पण एक आहे," तो म्हणाला, "मोठं अपडेट आलं की हे जाणार. मग ड्रायव्हर पुन्हा बनवायचा. मला बोलवायचं. तू काही करू नकोस, वाट लावशील."

त्याच्या शब्दाप्रमाणे वायफाय जात राहिलं. अपडेट आलं की गेलं, गेलं की फोन, फोन केला की रविवारी नंदू हजर. चप्पल काढता काढताच स्वयंपाकघराच्या दिशेनं विचारायचा, "वहिनी, तव्यार काय आसा?" माझी बायको शुभा म्हणायची, "बोंबील. पण वेळ आहे अजून." मग नंदू गंभीर चेहरा करून मला सांगायचा, "या वेळी जरा अवघड दिसतंय." मी घाबरायचो. पांढऱ्या ओळी धावायच्या, थांबायच्या, नंदू मान हलवायचा, शाळेतल्या मास्तरांच्या नकला करायचा, मी त्याला नव्या नाटकाचा अंक वाचून दाखवायचो आणि तो म्हणायचा, वायफायपेक्षा याची दुरुस्ती कठीण आहे. आतून "वाढते हं" अशी हाक आली की वायफाय यायचं. कित्येक वर्षं हे असं चाललं आणि मी, स्वतःला नाटककार म्हणवणारा माणूस, समोर बसून टाळ्या वाजवत होतो.

चाळीनं शोकसभा ठेवली. बोलायला अर्थातच मी उभा राहिलो. आवाज कुठे कापरा करायचा हे मला ठाऊक आहे, त्या दिवशी तो न करताच झाला. मी म्हणालो, नंदूच्या पोटात कधी काही राहिलं नाही. त्यानं माझ्यापासून काहीही लपवलं नाही. लोकांनी डोळे पुसले. खाली उतरलो तर शिवाजी पार्कच्या कर्णिकबाई भेटल्या, निवृत्त शिक्षिका. म्हणाल्या, "माझाही तुमच्यासारखाच लॅपटॉप. नंदूंनीच लिनक्स घालून दिलं." मला त्या एकदम नातेवाईक वाटू लागल्या. मी हळहळून म्हणालो, "आता अपडेटनंतर वायफाय गेलं की आपलं कोण बघणार हो?"

"माझं नाही जात," बाई म्हणाल्या.

"मोठ्या अपडेटनंतरही?"

"कधीच नाही. ड्रायव्हर दर वेळी आपोआप बनेल अशी सोय त्यांनी पहिल्याच दिवशी केली. म्हणाले, बाई, एकदा केलं की पुन्हा मला बोलवायची गरज नाही. तुमचं जातं?"

मी घरी आलो. मोबाइलवर शोध घेतला. बाई म्हणाल्या ते खरं होतं. एका ओळीचं काम होतं. ज्या माणसाला मी सभेत आरशासारखा स्वच्छ ठरवून आलो होतो, त्यानं ती ओळ परक्या बाईला दिली होती आणि मला दिली नव्हती. मी शुभाला तावातावानं सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती, निवडतच राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"तुला? तुला ड्रायव्हर म्हणजे काय ते तरी माहीत आहे?"

"बोंबील माहीत आहेत ना. ते झाले की तुमचा ड्रायव्हर व्हायचा. एकदा मी नुसती साबुदाण्याची खिचडी केली होती, तर भावजींचं काम चहाच्या आत आटोपलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही गावभर नक्कल करून दाखवली असतीत. मग ते परत आले असते?"

म्हणजे माझ्याच घरात कट शिजत होता आणि त्याचा वास मला आवडत होता. मला गेलेल्या वायफायचा राग नाही. फसवलं जाण्याचाही फारसा नाही, नाटकवाला आहे, चांगल्या फसवणुकीची मला कदर आहे. राग आहे तो वेगळाच. एवढ्या वर्षांच्या दोस्तीनंतर या माणसाला खात्री नव्हती की काही बिघडलेलं नसताना त्यानं बेल वाजवली तर मी दार उघडेन. हे त्यानं माझ्यापासून लपवलं. आणि आता दार उघडून दाखवायची सोयही त्यानं ठेवलेली नाही... ते भाषण मी इथे जाहीरपणे मागे घेतो.

त्याच तिरीमिरीत मी मोबाइल केबलनं जोडून ती एक ओळ लॅपटॉपवर चालवली आणि वायफाय परत आलं. गेल्या रविवारी मोठं अपडेट आलं. सवयीनं मी मोबाइलची केबल काढून टेबलावर ठेवली, समोरची नंदूची खुर्ची सरकवली. लॅपटॉप बंद झाला, पुन्हा सुरू झाला. कोपऱ्यात वायफायचा पंखा होता तसाच, पूर्ण उमललेला. मी त्याच्याकडे बघत बसलो.

आतून शुभानं विचारलं, "काय, झालं का?"

"झालं."

"इतक्यात?" ती म्हणाली. मग हळू आवाजात, "बोंबील अजून रव्यात घोळवायचेत."