पाच पायांचा हत्ती

नातीला शाळेतून हत्ती करून आणायला सांगितला होता. तो सून चिकटवत बसली होती आणि नात नुसती बघत होती. डिंकाचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं. सुनेवर नव्हे, स्वतःवरच.

तरुणपणी वळसंगच्या बालवाडीत मी नवीन बाई होते. चित्रांच्या पुस्तकातली हत्तीची गोष्ट वाचून दाखवली आणि पोरांना चादरीच्या कारखान्यातलं उरलेलं सूत कागदावर चिकटवून हत्ती करायला दिलं. गौरानं चिकट बोटांनी लालभडक, पाच पायांचा हत्ती केला. दुसऱ्या दिवशी पालक येणार होते. पोरं घरी गेल्यावर मी सगळं सूत खरवडून काढलं आणि एकसारखे करडे, चार पायांचे हत्ती चिकटवून भिंतीवर लावले.

सकाळी गौराच्या आईनं विचारलं, "तुजा कुटला गं?"

गौरानं एकेक हत्ती निरखला. "बाई, माजा न्हाय लावला?"

मी तिचं नाव लिहिलेला हत्ती दाखवला.

"ह्यो न्हाय. माज्याला पाच पाय हायेत, लई पळतो त्यो."

आई ओशाळली. "बाई सांगत्यात न्हवं? तुजाच हाय. व्हय म्हण की!"

गौरा माझ्याकडं बघत म्हणाली, "व्हय."

आणि तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं!