आदिनाथ खाली उतरला नाही

आदिनाथ बिरादारला मी अकरावीपासून ओळखते. लातूरला आम्ही एकाच क्लासला होतो. तो उदगीरजवळच्या खेड्यातला, शेषेराव बिरादारांचा एकुलता एक मुलगा. मी औशाची. समोरचा माणूस आपल्या उपयोगाचा आहे की नाही, हे तो पहिल्या वाक्यात ठरवायचा आणि दुसऱ्या वाक्यापासून तसं वागायचा. फिजिक्सच्या सरांना म्हणे, "सर, तब्येत कशी आहे आता?" आणि मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या, त्याच्या आईच्या वयाच्या गौरम्माला "ए, गरम आण." चतुराबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, हे ऐकलं असतं तर तिथंच कान पिळला असता. पण त्या गावी असत आणि त्यांच्यासमोर हा अगदी गरीब गाय.

इंजिनिअरिंग संपल्यावर आम्ही दोघं एकाच वर्षी इटलीत, जिनोआला शिकायला गेलो. तिथं तिसरा भेटला तो अनस. तोही उदगीरचाच. त्याच्या वडिलांचं, नासिरचाचांचं, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, बारदान्याचं दुकान. धान्याची पोती शिवणं, विकणं हा त्यांच्या घरचा तीन पिढ्यांचा धंदा. अनस उंच, हडकुळा आणि कायम हसतमुख. त्याला बोलायला माणूस लागे. परक्या गावात आपल्याकडचा आणखी एक माणूस सापडला, म्हणून मला आनंद झाला होता. आदिनाथला झाला नाही.

कुणी विचारलं की आदिनाथ सांगे, "मी पुण्याजवळचा." उदगीरहून पुण्याला जायला अख्खी रात्र बसमध्ये काढावी लागते. तोंडून चुकून 'लई' निघालं की जीभ चावायचा. अनसने बसमध्ये मागून हाक मारली, "आदिनाथभाऊ, काय करून राहिले?" की हा खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघू लागे. अनसच्या खोलीवर खिचडी आणि चिंचेचा खट्टा शिजला की मात्र ताट घेऊन पहिला हजर.

मे महिन्यात शनिवार-रविवार किनाऱ्याने फ्रान्समधल्या नीसपर्यंत जाऊन यायचं ठरलं. ठरवलं आदिनाथनेच. पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस होता. उदगीरला चौकात त्याचे चुलतभाऊ बॅनर लावणार होते आणि त्या बॅनरला मागे निळा समुद्र आणि पांढऱ्या बोटी असलेला फोटो पाहिजे होता. हे त्याने स्वतःच सांगितलं, तेही न लाजता. फोटो काढायला कुणीतरी लागतंच, म्हणून आम्ही.

आदल्या दिवशी अनसने विचारलं, "पासपोर्ट घ्यायचा काय?"

"कशाला?" आदिनाथ हसला. "इथं बॉर्डर राहिलीच कुठं आता? तू उदगीरहून बीदरला जाताना कागद दाखवतोस का?"

"न्हाई."

"मग? हरवून बसशील. ठेव खोलीवर."

अनसने ठेवला. माझा माझ्या पर्समध्ये होता, कारण तो मी कधी बाहेरच काढत नसे.

गाडी समुद्राला चिकटून जाते. बोगदा, मग अचानक पाणी, पुन्हा बोगदा. अनसने त्याआधी जिनोआच्या बंदरातला काळपट समुद्र पाहिला होता, हा असा नाही. प्रत्येक बोगदा संपला की तो "या अल्ला" म्हणे. समोरच्या बाईला गंमत वाटून ती हसली. आदिनाथने कानात इयरफोन घातले.

व्हेंतिमिलियाला गाडी बदलली. इटलीचं ते शेवटचं मोठं स्टेशन. फ्रान्सच्या हद्दीतलं पहिलं स्टेशन आलं आणि गाडीत पोलिस चढले. ते सगळ्यांचे कागद बघत आले. अनसने फोनमधला पासपोर्टचा फोटो दाखवला. पोलिसाने मान हलवली, फोटो चालत नाही. तो शांतपणे बोलत होता. चूक आमची होती. अनसला आता खाली उतरून उलट्या गाडीने इटलीत परतावं लागणार होतं, एवढंच.

अनसने आदिनाथकडे पाहिलं. पोलिसाने ते बघितलं आणि आदिनाथला विचारलं, "तुम्ही एकत्र आहात का?"

आदिनाथने जाकिटाच्या आतल्या खिशातून पासपोर्ट काढला. होय, त्याने आणला होता. तो पोलिसाच्या हातात देत स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "नाही. मी एकटा आहे."

मी म्हणाले, "मी आहे त्याच्यासोबत." यात शौर्य वगैरे काही नव्हतं. अनसची पिशवी माझ्या मांडीवर होती आणि तो रडवेला झाला होता. माणूस अशा वेळी उतरतो. त्यासाठी विचार करावा लागत नाही. गाडी सुटली तेव्हा आदिनाथ खिडकीशी होता आणि त्याच्या कानात पुन्हा इयरफोन होते.

अर्ध्या तासाने आम्ही व्हेंतिमिलियात परतलो. अनसने माझ्या हातातली त्याची पिशवी घेतली. मग म्हणाला, "बरोबर केलं त्यानं. तिघांचा दिवस कशाला खराब?"

"त्यानंच सांगितलं होतं ना पासपोर्ट ठेव म्हणून?"

"हौ, पण मला अक्कल नक्को काय?"

मला त्याच्या या चांगुलपणाचाही राग आला. पण भूक लागली होती. गल्लीत एका दुकानात मोठ्या तव्यावरून हरभऱ्याच्या पिठाची जाड पोळी कापून देत होते. अनसने घास घेतला आणि ओरडला, "अरे, हे तर बेसनाचं धिरडं! कांदा टाकायचा विसरले लोक." ते खात आम्ही किनाऱ्यावर गेलो. तिथं वाळू नव्हती, नुसते गोटे. अनवाणी चालवेना. अनस पँट दुमडून, ठेचकाळत पाण्यात शिरला आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने दादीला, जन्नतबींना, व्हिडिओ कॉल लावला. पोलिसांचं काही बोलला नाही. "दादी, हे बघ पाणी. आपल्या घराच्या रंगाचं." उदगीरमधलं त्यांचं घर बाहेरून निळं आहे. पलीकडून दादी म्हणाली, "पाण्यातून भायर ये आधी. सर्दी होईल." रात्र तिथंच काढून दुसऱ्या दिवशी जिनोआला परतताना आम्ही सानरेमोला उतरलो, समुद्राकाठच्या जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या रस्त्यावर सायकली चालवल्या. दोन दिवस चांगले गेले, हे मला मुद्दाम लिहायचंय.

आदिनाथ रविवारी संध्याकाळी नीसहून आला. अनससाठी त्याने फ्रिजवर चिकटवायचं चुंबक आणलं होतं, त्यावर पामचं झाड. अनसच्या खोलीत फ्रिज नव्हता. "मी उतरलो असतो तर काय फायदा होता?" तो म्हणाला. "उगाच भावनिक व्हायचं नसतं." फोटो त्याला कुण्या अनोळखी माणसाने काढून दिले होते. पुढच्या महिन्यात उदगीरच्या चौकात बॅनर लागलं. त्यात मागच्या बोटींपेक्षा चुलतभावांचे चेहरे मोठे होते.

आता तो लातूरला असतो. शिक्षण संपल्यावर वर्षभर तिकडे नोकरी शोधली, मिळाली नाही. परत आला आणि परदेशी शिक्षणाच्या मार्गदर्शनाचं ऑफिस थाटलं. बारा महिने जाकीट घालतो, लातूरच्या एप्रिलमध्येसुद्धा. आता परत 'लई' म्हणतो, कारण पालकांना ते आवडतं. मी लातूरलाच कॉलेजात शिकवते. अनस जिनोआच्या बंदरात मालवाहतुकीच्या कंपनीत लागला, तिथंच राहिला.

गेल्या हिवाळ्यात उदगीरच्या एका मंडळाने विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम ठेवला आणि पाहुणे म्हणून आदिनाथला आणि मला बोलावलं. आदिनाथ भाषणाला उभा राहिला. परदेशात माणुसकी कशी जपावी, असा विषय काढला.

"आम्ही नीसला निघालो होतो," तो म्हणाला. "बॉर्डरवर पोलिसांनी आपल्या उदगीरच्याच एका मुस्लिम मित्राला गाडीतून उतरवलं. लेकरू रडून राहिलं होतं. मी म्हणालो, ह्याला उतरवायचं तर आधी मला उतरवा! नीस गेलं खड्ड्यात. उतरलो त्याच्यासोबत. ह्या शिल्पा मॅडम साक्षीला आहेत."

टाळ्या पडल्या. त्याने माझ्याकडे वळून हसून मान डोलावली. मी बसल्या जागेवरून म्हणाले, "मला जरा वेगळं आठवतं." लोकांना तो विनोद वाटला. तेही हसले, तोही हसला.

चहाच्या वेळी एक म्हातारी गर्दीतून वाट काढत आली. तिच्यासोबत अनसची बहीण सुमय्या होती. आदिनाथ हीच गोष्ट आधीही कुठं कुठं सांगत फिरला होता आणि तिचा व्हिडिओ सुमय्याच्या फोनवर आला होता. घरच्यांनी फोनवर विचारलं तेव्हा अनस म्हणाला होता, हो, उतरवलं होतं एकदा, मित्र होते सोबत. पुढचं त्याने गाळलं. म्हणून जन्नतबी स्टीलचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यात घरी केलेल्या खोबऱ्याच्या वड्या होत्या.

"बेटा, तू उतरला ना माझ्या अनससंगं?"

इथं तरी त्याची जीभ अडखळेल असं मला वाटलं होतं. त्याने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. "अहो दादी, भाऊ हाय तो माझा. ते माझं कामच होतं." डबा घेतला, एक वडी तोंडात टाकली आणि डबा टेबलावर ठेवून दुसऱ्या पालकांकडे वळला.

मी जन्नतबींना बाहेर ऑटोपर्यंत सोडायला गेले. पायऱ्या उतरताना सगळं सांगितलं. पासपोर्टचं, आतल्या खिशाचं, "मी एकटा आहे"चं. सुमय्या म्हणाली, "मला वाटलंच होतं. भाई फोनवर लई गोलगोल बोलला." जन्नतबींनी एकच विचारलं, "मग कोण उतरलं होतं?"

"मी होते."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि माघारी वळल्या. पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला. आदिनाथभोवती आठ-दहा पालक उभे होते. जन्नतबींनी टेबलावरचा डबा उचलला, झाकण घट्ट लावलं.

"काय झालं दादी?" आदिनाथने विचारलं.

"डबा घरचा हाय," त्या म्हणाल्या. "आन् वड्या बी."

एक बिलोलीहून आलेले गृहस्थ डब्यात हात घालणार होते. त्यांचा हात तसाच राहिला. आदिनाथने खळखळून हसून "म्हातारं माणूस" असं काहीतरी म्हटलं आणि कुणीही पुढे काही विचारलं नाही. त्याचं काही बिघडलं नाही. ऑफिस जोरात आहे, आणि गोष्ट तो अजून सांगतो म्हणे. मला मात्र कार्यक्रमांना बोलावणं बंद झालं.

अनसचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. तो माझ्यावर चिडला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"दादीला कशाला सांगितलं? आता ती रोज विचारते, पोलिसांनी मारलं काय, जेवायला दिलं काय. झोपत न्हाई ती."

"तो तिच्या हातचं खात होता, अनस."

"खाऊ द्यायचं होतं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

महिनाभर बोलला नाही. मी माफी मागितली नाही, मागणारही नाही. सुमय्या मधे एकदा लातूरला आली, तेव्हा जन्नतबींनी माझ्यासाठी वड्या पाठवल्या होत्या. गूळ जरा जास्त झाला होता. मी सगळ्या खाल्ल्या.