डेल्मरची आखूड रायफल

"नळी कापलेली रायफल म्हणजे शेपूट छाटलेला घोडा," असं डेल्मर ट्वाइट जन्मभर सांगत आला. नॉर्थ डकोटातल्या आमच्या गावात दुसरं फारसं काही घडत नसल्यामुळे ते सगळ्यांना पाठ होतं. त्याची स्वतःची रायफल जुन्या लष्करी घडणीची, लांब आणि जड. घरात रोज मायेचा हात फिरतो तो फक्त तिच्यावर, असं त्याच्या बायकोचं, आर्डिसचं, म्हणणं.

मग खांदा गेला. धान्याच्या कोठारात वर्षानुवर्षं फावडं मारून तो झिजला होता. डेल्मर उभ्याने नेम धरू लागला की नळीचं टोक गव्हाच्या ओंबीसारखं डुलायचं. आणि नेमका यंदा शेजारच्या काउंटीशी होणाऱ्या नेमबाजीच्या सामन्यासाठी संघात एकच जागा उरलेली. ती एक तर डेल्मरला मिळणार, नाहीतर त्याच्या बालमित्राला, म्हणजे अर्थातच वैऱ्याला, व्हर्लिनला. हरणाऱ्याने सामन्याच्या दिवशी कॉफी वाटायची आणि इतरांना "छान मारलंस" म्हणायचं, हा आमचा रिवाज.

डेल्मरने गुपचूप त्याच रायफलीची कार्बाइन आणली. घडण तीच, गोळी तीच, नळी वीतभर कमी.

"गरम पाण्यात धुतलीस वाटतं," आर्डिस म्हणाली. "आटलीये."

निवडीच्या दिवशी व्हर्लिन चांदमारीवर वाटच पाहत होता. "काय रे, घोड्याचं शेपूट कुठे राहिलं?"

"तुझ्या तोंडावरच्या माश्या हाकायला ठेवलंय."

दोघांना एकाच छपराखाली शेजारी उभं केलं. प्रत्येकी दहा गोळ्या. डेल्मरच्या नळीच्या तोंडाशी धक्का कमी करणारा एक भोकाभोकांचा तुकडा होता. धक्का कमी होतो हे खरंच; खांद्यावरून निघून तो शेजाऱ्याकडे जातो. पहिल्याच बाराला जाळ उसळला, छपराची धूळ खाली आली आणि व्हर्लिनची टोपी उडाली. इकडे डेल्मरला कित्येक वर्षांनी खांद्याची आठवणही होईना. धुरापलीकडे निशाण, त्यामागे कापलेल्या शेताची पिवळी रेघ, आणि सगळं स्थिर.

व्हर्लिन मात्र कानांवर मफ असूनही प्रत्येक बाराला दचकत होता.

निशाणांचे कागद आणले. डेल्मरच्या कागदावर भोकं अकरा, व्हर्लिनच्या कागदावर नऊ.

"व्हर्लिन, तुझी एक गोळी पाहुणी गेली. तिचं शून्य," संघाची कप्तान मार्लिस म्हणाली. "डेल्मर, अकरांतलं कुठलं भोक त्याचं ते कळत नाही. तेव्हा तू सगळ्यात वाईट दहा धर, नाहीतर पुन्हा दहा मार."

"ते अगदी मधलं भोक माझं आहे!" व्हर्लिन ओरडला.

"दुसऱ्याच्या कागदावर बरा नेम लागतो तुझा."

वाईट दहा धरूनही डेल्मर एका गुणाने पुढे होता. पण जन्मभराचा नेमबाज अशा उरल्यासुरल्यावर थोडाच जिंकतो? "पुन्हा मारतो," म्हणत तो रायफल उचलू लागला.

मार्लिसने नळीवर हात ठेवला. तिचं लक्ष टोपी झटकणाऱ्या व्हर्लिनकडे होतं. "नको. तू संघात आहेस. सामन्यात तुला त्यांच्या सगळ्यात चांगल्या नेमबाजाशेजारी उभं करते."

डेल्मरचे कान लाल झाले. "म्हणजे माझ्या नेमासाठी घेत नाहीयेस?"

"नेमही ठीक आहे की."

त्याने नळीच्या तोंडाशी लावलेला तुकडा रुमालाने पुसला. मग घसा खाकरून त्याने विचारलं, "त्याच्या डावीकडे की उजवीकडे?"