लाखेच्या बांगड्या

धाकटी बहीण लग्नानंतर महिन्याभरातच आमच्याकडे जयपूरला आली होती. माझे यजमान फौजेत, त्यामुळे आमचं बिऱ्हाड तिथल्या क्वार्टरमध्ये. तिच्या हातात लग्नातला हिरवा चुडा होता. आमच्या साताऱ्याकडे नवी नवरी सव्वा महिना तो उतरवत नाही. बाजाराला निघताना मी बजावलं, "लाखेच्या बांगड्या घे, पण घालून बघायच्या नाहीत. चुड्याला हात लावायचा नाही." मी थोरली. हुकूम सोडायची सवय मला यजमानांपेक्षा जास्त.

चारदीवारीत, म्हणजे तिथल्या जुन्या शहरात, मी शिंप्याकडे थांबले, ती बांगड्यांच्या गल्लीत गेली. बॉम्ब त्याच गल्लीत फुटला. पोलिसांनी आत सोडलं नाही, म्हणाले हॉस्पिटलात जा.

तिथे खाटा पुरत नव्हत्या, माणसं जमिनीवर ठेवली होती. चेहरे भाजून सुजलेले, त्यावर बँडेज. मी चेहरे बघायचं सोडलं आणि हात बघत सुटले. दिसेल त्याला सांगत होते, "भैया, हाथ में हरी काँच की चूड़ियाँ हैं." चुडा फुटला असेल हे मनातसुद्धा म्हणवेना. वाढला असेल म्हटलं, तरी दोन-चार उरतीलच. एकीच्या दोन्ही हातांत लाल लाखेच्या बांगड्या होत्या. ही इथलीच कोणीतरी. तिचा हात वाटेत आला होता, तो मी बाजूला केला आणि पुढे गेले. शवागारसुद्धा पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने हाक मारली. "वो औरत आपकी भाषा में कुछ बोल रही है." तीच ती. डावा पाय गुडघ्यापासून काढलेला.

फोनवर सगळ्यांचा एकच प्रश्न, सख्खी बहीण ओळखता आली नाही? मला लाज वाटली आणि रागही आला. मी सांगत सुटले, "तिने चुडा उतरवला होता, ओळखणार कशी?" आईला सांगितलं, काकूला सांगितलं, तिच्या सासूलाही सांगितलं. सासू म्हणाली, "नवऱ्याच्या जिवावर उठलेली सून आम्हाला नको." बॉम्ब ठेवणाऱ्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ती तेव्हापासून माहेरीच आहे. तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न झालं.

गेल्या दिवाळीत मी माहेरी गेले होते. आम्ही दोघीच लसूण सोलत बसलो होतो. ती खाली बघतच म्हणाली, "ताई, तू माझा हात बाजूला केलास तेव्हा मी जागी होते. आवाज फुटत नव्हता. आईलासुद्धा सांगितलं नाही मी. उगाच तुला बोल लागला असता."