मडमची निवड

इंग्रजी शब्द आमच्या घरात सरळ आत येत नसे. मडम त्याला उंबऱ्यावरच उभा करायची. तू कुणाचा, तुझं इथं काम काय, हे विचारून मगच आत घ्यायची. मडम म्हणजे माझी बायको. माहेर कळंब, शिक्षण सातवी. मी चौथी, ती पण कशीबशी. मडम हे नाव मीच चेष्टेनं ठेवलं होतं. पुढं आमचं सगळं कन्हेरी गाव तिला तेच म्हणायला लागलं आणि ती त्या नावाला ओ देऊ लागली.

तिचा जीव अडकायचा तो एकाच घराण्यातल्या शब्दांत. नॉर्मल, जनरल, कॉमन, रेगुलर, ॲव्हरेज. सून शिकलेली, पुण्याची. तिला एकदा यातला फरक विचारला तर ती म्हणाली, "आई, सगळ्यांचा अर्थ एकच. साधं."

"एकच कसा आसंल?" मडम म्हणाली. "एका भाजीला पाच पातेली कोण चढवतं का?"

सून हसली आणि फोन बघायला लागली. मडमनं विषय सोडला नाही. तो तिला जन्मभर पुरला.

आमची डाळिंबाची बाग. माल तोडला की शेडमध्ये पोतं अंथरून ती निवडायला बसायची. मोठं एका क्रेटात, मधलं दुसऱ्यात, बारीक तिसऱ्यात. फळ हातात आलं की कुठल्या क्रेटात जायचं ते तिच्या बोटांना कळायचं, बघावं लागत नसे. मग मोकळं राहायचं ते तोंड. हात फळं निवडायचे आणि तोंड शब्द.

"ॲव्हरेज म्हंजी जे कुठंच नसतंय," ती म्हणायची. "कारखान्याचा माणूस आपल्या उसाचं ॲव्हरेज सांगून गेला. बांधाकडचा ऊस माझ्या कमरंला लागतोय, पाटाकडचा शेडच्या वर गेलाय. त्यो म्हणतोय तेवढा ऊस मला दावा कुठं हाय त्यो."

मी म्हणायचो, "मडम, तोंड बंद ठेव आन हात चालव."

"हात चालूच हाय की. तुमी जरा कान चालवा."

माझ्या आणि भावाच्या रानामधून एक रस्ता जातो, दोघांचा मिळून. मोजणीला आलेल्या माणसानं त्याला कॉमन म्हटलं. झालं. संध्याकाळपर्यंत मडमनं त्याचा निकाल लावला. "कॉमन म्हंजी ज्याच्यावर समद्यांचा हक, आन जे कुणीच झाडत न्हाय." असं म्हणून दुसऱ्या दिवशी खराटा घेऊन रस्ता झाडायला तीच गेली. भावजय दारात उभी राहून म्हणाली, "जाऊबाई, आमच्या बाजूचं पन काढा वाईच." मडमनं काढलं. मला राग आला. तिला आला नाही.

इंदापूरला जाताना ती जलद गाडी सोडून द्यायची आणि साधी गाडी धरायची. कंडक्टर त्या गाडीला ऑर्डिनरी म्हणायचे. मला त्या गाडीचा वैताग. दर फाट्याला थांबणार, कोंबड्या, पोती, पोरंबाळं घेणार. मी कुरकुर केली की म्हणायची, "ही हात केला की थांबती. त्या जलदला हात करून बघा, धूळ उडवून जाती तोंडावर." बारामतीतल्या एका साडीच्या दुकानात मालकानं तिला रेगुलर म्हटलं तो दिवस मला आठवतो. घरी येईपर्यंत गालात हसत होती. म्हटलं, एवढं काय झालं? म्हणाली, "रेगुलर म्हंजी ज्याची वाट बघत्यात. म्हैनाभर गेले न्हाय तर इचारलं त्यानं, ताई आजारी होता का म्हून."

मला हे सगळं बिनकामाचं वाटायचं. पण शेडमध्ये दुसरं ऐकायला काय होतं? ऐकायचो.

मग तिला धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, मग बसल्या जागी. बारामतीत दवाखान्यात ठेवलं. पोरगा स्पेशल खोली घ्यायला निघाला तर तिनं त्याचा शर्ट धरला. "जनरलमधीच ठेव. स्पेशलमधी मी भिंतीसंगं बोलू व्हय?" दोन दिवसांत अख्खा वॉर्ड तिच्या ओळखीचा झाला. कुणाची सून माहेरी गेलीय, कुणाच्या गाईनं दूध चोरलंय, मला सगळं सांगायची. बोलताना मध्ये थांबायची, श्वास घ्यायची, आणि जिथं सोडलं तिथून पुन्हा सुरू.

डॉक्टर तरुण होता, भला होता. एका सकाळी कागद बघून म्हणाला, "आजी, आज बरंचसं नॉर्मल आलंय."

"नॉर्मल म्हंजी कुणासारखं?"

तो जरा अडखळला. "म्हणजे... तुमच्या वयाच्या माणसांसारखं."

"मला माझ्यासारखं पायजे," ती म्हणाली.

डॉक्टर हसला. नंतर मला आणि पोराला बाहेर बोलावलं तेव्हा हसत नव्हता. हृदय थकलंय, म्हणाला. औषधानं आकडे जागेवर येतील, ताकद येणार नाही. त्यांना घरी जायचं असेल तर न्या.

घरी आणली. तिनं खाट शेडमध्ये टाकायला लावली. डाळिंबाचा तोडा चालू होता. खाटेवर तक्क्याला टेकून मांडीवर फळं घ्यायची आणि निवडायची. पण आता बोटांना कळत नव्हतं. मोठं फळ बारक्यांत टाकायची. मी गुपचूप उचलून जागेवर ठेवत होतो, ते तिनं बघितलं. वाटलं, आता रडेल. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. बारक्यांत एखादं मोठं निघालं तर घेणाऱ्याला बरं वाटंल." पुढं एका दुपारी मालाची गाडी फाट्याकडं गेली, तिनं पाणी मागितलं, आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत ती गेली होती.

दहाव्याच्या आधी पोरानं फोनमध्ये फ्लेक्स दाखवला. मडमचा फोटो, भोवती फुलं, वर मोठ्या अक्षरांत: एक असामान्य व्यक्तिमत्त्व हरपले.

"असामान्य कोण?" मी विचारलं.

"आबा, असंच लिहितात."

"तुझ्या आईला चाललं असतं का हे?"

"मग काय सामान्य लिहू? लोक काय म्हणतील?"

त्याचंही खरं होतं. मला दुसरा शब्द सुचेना. दिवसभर शेडमध्ये बसून शोधला. चार माणसांपुढं तिच्यावर भलताच शब्द लागू नये, एवढंच मला पाहिजे होतं. तिनं एका दमात सांगितला असता. पण तिचाच दहावा, तिला कसं विचारणार? फ्लेक्स तसाच छापून आला आणि चौकात लागला.

आमच्याकडं दहाव्याला नदीवर भाषणं होतात. ज्यांनी आमच्या घरचं पाणी कधी प्यायलं नाही असे दोन पुढारी बोलले. एक म्हणाला, आदर्श माता. दुसरा म्हणाला, त्यागमूर्ती, असामान्य, अशी माणसं युगातून एकदा होतात. माईकवाला पोरगा आवरायला लागला तेव्हा मी उठलो. माझ्या पोरानं हात धरला. मी सोडवून घेतला. जन्मात माईक धरला नव्हता. तो तोंडाजवळ किती धरायचा हेही कळत नव्हतं.

म्हटलं, "तसं काय न्हवतं. माझी बायको तुमच्या-आमच्या घरातल्या बाईसारखी बाई हुती. तिनं जगावेगळं काय बी केलं न्हाय. सकाळी हुती तशीच संध्याकाळी हुती. आन मला ती तशीच रोज पायजे हुती." माईक खाली ठेवला.

पुढाऱ्यानं घड्याळ बघितलं. तोवर न रडलेली भावजय मात्र पदर तोंडात घालून रडायला लागली.

गाडीत बसताना पोरानं दार जोरात ओढलं. रागावलाय असं वाटलं. मग रस्त्याकडं बघत म्हणाला, "आबा, ती मला रोज फोन करायची. जेवलास का, एवढंच विचारायची. मी चिडायचो, रोज काय तेच."

म्हटलं, "व्हय."

तेराव्यानंतर तो पुण्याला गेला. चला म्हणाला, मी गेलो नाही. चौकातला फ्लेक्स उतरवून घरी आणला होता. फेकवेना. शेडमध्ये दुपारनंतर ऊन आत येतं, त्या बाजूला बांधून टाकला. वरची ओळ बांबूभोवती गुंडाळून घेतली, ती आता दिसत नाही. फोटो आतल्या अंगाला केला. माल निवडताना मान वर केली की मडम दिसते. मान मी फारशी वर करत नाही.