पाणी कुठलं?

नाव, गाव, नोकरी न विचारता समोरच्याला थेट ‘पाणी कुठलं?’ असं विचारणारा उभ्या कोल्हापुरात एकच इसम होता, आणि तो आमच्या घराण्याचा जावई होता. आत्याचे यजमान, म्हणून आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. शाळेत ड्रॉइंगमास्तर, पण सारा जीव ओढ्यातल्या बोटभर माशांत. पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरणारे, कपाळावर रुपेरी टिकली असलेले ते मासे. रविवारी धोतर खोचून आतोबा ते पकडत आणि राजारामपुरीतल्या घरी काचेच्या बरण्यांत ठेवत. एका ओढ्याला एक बरणी. दोन ओढ्यांचे मासे एकत्र करणं हे त्यांच्या लेखी महापाप. “दिसाय सारखं असलं म्हणून काय झालं? ह्यो पन्हाळ्याकडचा, त्यो राधानगरीचा. आपापल्या पाण्यात ऱ्हाऊ द्या की!” सोयरीक जुळवणारेसुद्धा कुळाची इतकी चौकशी करत नसतील. खूण म्हणून प्रत्येक बरणीच्या गळ्यात आत्याच्या जुन्या लुगड्याची वेगळ्या रंगाची चिंधी असे.

गडहिंग्लजकडे आमच्या गावी ते आत्याला बघायला आले, तेव्हाची गोष्ट तर घरात अजून सांगतात. पाय धुवायला म्हणून परसामागच्या ओढ्यावर गेले ते परतलेच नाहीत. पोहे निवले. आजोबा शोधायला गेले, तर नवरदेव नव्या उपरण्याची झोळी करून गुडघाभर पाण्यात!

“पावणं, पोरगी बघायची न्हाय व्हय?”

“आलो की! पर हेची टिकली बघितलीसा का?”

तरीही लग्न झालं, ही आत्याची छाती. “माझ्यासंगं सवतीबी आल्या बरणीतनं,” असं ती जन्मभर म्हणे, आणि रोज सकाळी हौदातल्या डासांच्या अळ्या गाळून त्या सवतींना खाऊही तीच घाली.

पुढे गावी वरच्या अंगाला बांध पडला, ओढा आटला आणि पात्रात ऊस उभा राहिला. आत्याच्या माहेरचे मासे आता फक्त हिरव्या चिंधीच्या बरणीत उरले. आतोबा ती बरणी देवासारखी जपत.

मग आत्या गेली, साध्या तापाचं निमित्त होऊन. सुतक फिटलं त्या दिवशी रीतीप्रमाणे घरातलं साठवणीचं पाणी ओतून भांडी घासायला काढली. आमची आई मायाळू. मुक्या जिवांनी तरी सुतकाच्या पाण्यात का राहावं, म्हणून तिने सगळ्या बरण्या परसातल्या दगडी डोणीत रिकाम्या केल्या, ताजं पाणी भरलं आणि चिंध्या सोडवून बरण्या लख्ख घासल्या.

आतोबा नदीवरचे विधी आटोपून परतले. पालथ्या बरण्या पाहून ते तसेच डोणीकडे वळले. डोणीपाशी बसून ते एकेक मासा निरखू लागले. सगळ्यांच्या कपाळावर तीच टिकली. मान वर करून त्यांनी मला विचारलं, “हिच्या घरचं कुठलं रं ह्यातलं?”

मला रडू आवरेना. आईच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. “पावणं, चुकलं माझं,” म्हणत तीही पदर डोळ्यांना लावून उभी राहिली.

“ऱ्हाऊ द्या वैनी,” आतोबा म्हणाले. “पाणी चांगलं भरलंयसा.”

बरण्या परत भरल्याच नाहीत. त्यानंतर त्यांनी कुणाला ‘पाणी कुठलं?’ असं विचारल्याचंही मला आठवत नाही. रविवारी ते डोणीच्या काठाशी बसून असत. एखादा नवखा विचारी, “मास्तर, ह्ये मासं कुठलं हो?”

“समदं आमच्या सासुरवाडीचं,” आतोबा म्हणत.