नाकवाल्या मिस्त्रींचा तोरा

माझ्या नवऱ्याला अख्खा भाग ‘नाकवाले मिस्त्री’ म्हणतो. गाडी गॅरेजच्या दारात लागली की हे बॉनेटसुद्धा उघडत नाहीत. हात वर करून गिऱ्हाइकाला गप्प बसवायचं, डोळे मिटायचे, हुंगायचं आणि निकाल द्यायचा, "क्लच जळतोय." पंचवीस वर्षं त्यांचं बरोबर निघालं, हे मी नाकारत नाही. पण त्यापायी माणसाने नाकाने कांदे किती सोलावेत? दुसरे मिस्त्री धुराची गळती शोधायला पाइपवर साबणाचं पाणी मारतात. त्यांना हे विचारणार, "भांडी घासताय की गाडी दुरुस्त करताय?" घरी मात्र यांनी आयुष्यात एक पेला विसळलेला नाही.

मागच्या वर्षी यांना ताप आला. ताप गेला तो यांचा वास घेऊन गेला. मला पंधरा दिवसांत कळलं. दूध करपून घरभर धूर झाला आणि हे शेजारच्या खोलीत मजेत टीव्ही बघत होते. मी ओरडले, तर म्हणतात कसे, "मला कळलं होतं. तू उठतेस का बघत होतो." इतकं निलाजरं उत्तर मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर "मला काय धाड भरलीय?" मग मीही गप्प बसले. गॅरेज या नाकावर चालत होतं. माझा भित्रेपणा म्हणा हवं तर.

हुंगणं काही थांबलं नाही. आधी गिऱ्हाइकालाच विचारायचं, "तुम्हाला कसला वाटतो वास?" आणि त्याचंच उत्तर डोळे मिटून त्याला परत द्यायचं. लोक माना डोलवायचे. गिऱ्हाईक गाडीत धुराचा वास येतो म्हणालं, की मात्र यांचा अहंकार जागा व्हायचा. आपल्याला आला नाही म्हणजे वास नाहीच.

एका सकाळी एक नर्सबाई आल्या. दोन महिन्यांतली त्यांची ही तिसरी खेप. पहिल्या वेळी यांनी सांगितलं होतं, पुढच्या ट्रकचा धूर आत येत असेल. दुसऱ्या वेळी आरशाला अत्तराचा पुठ्ठा टांगून दिला.

"मिस्त्री, वास अजून येतोय," नर्सबाई म्हणाल्या. "मुलगी मागे बसते. शाळेत पोचेपर्यंत पेंगायला लागते, डोकं दुखतं म्हणते. चष्मा केला तिला, तरी दुखतंच."

हे आत बसले, काचा वर केल्या, हुंगले आणि खाली उतरले. "काही नाही हो ताई. दवाखान्यात दिवसभर औषधांच्या वासात असता ना, त्याने नाक बिघडतं."

मी गॅरेजचा हिशेब बघत तीन पावलांवर उभी होते आणि उघड्या दारातून तो धूर माझ्या घशाशी आला. मागच्या सीटवर सहा वर्षांची पोर तोंड उघडं टाकून झोपली होती. सकाळी साडेनऊ वाजता! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"बाजूला व्हा," मी म्हटलं.

"तू तुझं काम बघ."

"बाजूला व्हा म्हटलं ना!"

पोरीला उचलून मी बाहेर खुर्चीवर बसवलं. साबणाचं पाणी मारण्याआधी धुराचा पाइप गार व्हायला तासभर थांबावं लागलं. मोकळ्या हवेत पोर हळूहळू शुद्धीवर आल्यासारखी झाली, तिने पाणी मागितलं. त्या तासभरात साहेब मला ऐकू जाईल असं पुटपुटत होते की बायकांना गाडीतलं काय कळतं.

मग मी यांनाच गाडी लिफ्टवर चढवून इंजिन चालू करायला लावलं. जाड हातमोजा घालून धुराच्या मागच्या नळीच्या तोंडावर क्षणभर फडकं दाबलं, म्हणजे धूर गळतीकडे वळतो, आणि भांड्यांच्या साबणाचं पाणी जोडांवर मारत गेले. मागच्या सीटखालच्या जोडावर भराभर बुडबुडे फुगले. त्याच्या बरोब्बर वर गाडीच्या पत्र्यातलं रबरी बूच गळून पडलं होतं. भोकात बोट घातलं, ते थेट सीटच्या फोमला लागलं.

नर्सबाई ते बुडबुडे बघत राहिल्या. "दोन महिने मी हिला यात बसवून नेतेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही काही नाही म्हणालात म्हणून."

"वास फारच बारीक होता..." यांनी सुरुवात केली.

"यांना वास येत नाही," मी म्हटलं. "वर्ष झालं."

बाईंनी गाडी तिथेच सोडली आणि पोरीला कडेवर घेऊन, धूर रक्तात किती भिनलाय ते तपासायला चालत निघाल्या. त्यांच्या जाण्याकडे माझ्याने बघवेना. वर्षभर गप्प मीही बसले होते. आणि यांचं पहिलं वाक्य काय, तर "चारचौघांत माझी अब्रू घालवलीस!"

"अब्रू राहू द्या. धुराच्या तक्रारीच्या किती गाड्या वर्षभरात अशाच परत पाठवल्यात, ते आठवा."

हे टायरवर बसून एकेक गाडी बोटांवर मोजायला लागले. एक हात संपला, दुसरा सुरू झाला, तसा चेहरा उतरत गेला. मग यांनी स्वतःहून त्यातल्या एका गिऱ्हाइकाला फोन लावला. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, माणूस जागा झाला.

"नमस्कार, नाकवाले मिस्त्री बोलतोय," गळा साफ करून हे म्हणाले. "आपल्या खास गिऱ्हाइकांसाठी आम्ही मोफत तपासणी सुरू केलीय. सवडीने केव्हाही या."

मी फोन हातातून ओढून घेतला. "दादा, सवडीने नाही, आजच या. येताना सगळ्या काचा खाली ठेवा आणि मुलांना गाडीत बसवू नका. तुमच्या गाडीत धूर शिरत असेल. आमच्या मिस्त्रींना वास येत नाही."

मग फोन त्यांच्यासमोर धरला आणि म्हटलं, "पुढचा नंबर लावा. आणि आता तुम्ही बोलायचं."